वादळावर बसलेले दामोदरजी

श्री. दामोदरजी हटवार यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते माझ्या खुर्चीवर बसले होते. भंडाऱ्यातील आमच्या दैनिकाच्या कचेरीत मी नवा बातमीदार म्हणून आलो होतो आणि खिडकीजवळचे टेबल मला मिळेल असे संपादकांनी सांगितले होते. तेथे जाहिरात विभागाचे दामोदरजी एका कापड व्यापाऱ्याशी बोलत होते. मला पाहताच ते उठले, स्वतःच्या रुमालाने खुर्ची पुसली आणि म्हणाले, "बस बाबू, तुहीच हाय." मी बसलो. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर गेले. व्यापारी त्यांच्यामागे गेला, चहा त्यांच्यामागे गेला आणि थोड्या वेळाने सारी कचेरी त्या कोपऱ्यात हसत उभी होती. खिडकीजवळ मी एकटाच उरलो. पुढे दामोदरजींच्या निवृत्तीपर्यंत हे असेच चालले.

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात इतर मान्यवर त्यांच्या गुणांविषयी लिहितीलच. मला त्यांचा आयुष्यभर हेवा वाटत आला आहे. तेव्हा मी त्या बाजूने लिहितो.

दामोदरजी आंधळगावच्या विणकर घरातले. लहानपणी ते वडिलांबरोबर आठवडी बाजारात लुगडी विकायला बसत. बाईला रंग आवडला तरी ती घाबरते रंग जाण्याला, हे वडिलांना ठाऊक होते. म्हणून ते भाव सांगण्याआधी लुगड्याचा पदर तांब्यातल्या पाण्यात बुडवून दाखवत. जाहिरातीचे आपले शिक्षण एवढेच, असे दामोदरजी सांगतात. मी पत्रकारितेची पदविका घेतली होती. तीत असा तांब्या कोठेही नव्हता.

जिल्ह्याचे विभाजन झाले आणि गोंदिया वेगळा झाला, तेव्हा आमच्या आवृत्तीचा निम्मा मुलूख गेला. तिकडे नवी कचेरी उघडली. माझ्या नावानिशी त्या भागातल्या बातम्या वर्षानुवर्षे छापून आल्या होत्या, पण तिकडून मला विचारणारा एकही फोन आला नाही. दामोदरजींना मात्र गोंदियाकडचे दुकानदार फोन करत राहिले, जाहिरात देण्यासाठी नव्हे, तर मुलाचे लग्न ठरल्याचे सांगण्यासाठी. मी खिडकीजवळच्या टेबलावर बसून ती सगळी लग्ने ऐकत असे.

त्यांच्या परोपकाराचा एकच प्रसंग सांगतो. तलावांवरची माझी एक मोठी बातमी पानभर जाहिरातीमुळे निघून जाणार होती. ऐनवेळी जाहिरात दुसऱ्या दिवसावर गेली आणि बातमी छापून आली. मी तो माझ्या लेखणीचा विजय समजलो. दामोदरजींनी त्या जाहिरातदाराच्या दारात तासभर बसून ती पुढे ढकलवली होती, हे मला त्या जाहिरातदाराकडूनच कळले, तेही फार उशिरा. आभार मानायला गेलो तर दामोदरजी म्हणाले की त्यांना आठवत नाही. मनासारखे आभारही मानता येऊ नयेत, याचा मला आजही राग आहे.

आता वादळाची हकीकत. ती या जिल्ह्यात अनेकांना माहीत आहे; पण मी ती जवळून पाहिली.

एकोडीचे यशवंतराव लांजेवार हे धानाचे शेतकरी आणि घोड्यांचे वेडे. त्यांनी पुण्याहून शर्यतीचा एक थरोब्रेड घोडा आणला. वेगाने त्याने नाव कमावले होते, पण कोवळ्या वयातच पुढच्या पायाची शीर दुखावल्याने त्याचे धावणे संपले होते. यशवंतरावांनी त्याचे नाव वादळ ठेवले. त्याला पैदाशीसाठी उभा करायचा आणि जिल्ह्यात चांगली शिंगरे निपजवायची, असा त्यांचा बेत होता. घरच्यांना तो पसंत नव्हता. लेकराबाळांच्या घरात असा तापट जातीचा नर नको, असे थोरल्या भावाचे म्हणणे. अखेर ठरले ते असे: अक्षय्य तृतीयेपर्यंत एकही घोडी आली नाही, तर वादळाला खच्ची करून विकून टाकायचे. यशवंतराव दामोदरजींकडे आले आणि त्यांच्यापुढे चक्क रडले. दामोदरजी त्याच वर्षी निवृत्त होत होते. त्यांनी काम स्वीकारले आणि पत्रक लिहायला मला सांगितले.

मी लिहिले. वाऱ्याला मागे टाकणारा, धरणीला पाय न लावणारा, असे चार परिच्छेद होते. मला ते फार आवडले होते. पत्रके गावोगाव वाटली आणि एकही घोडी आली नाही.

आमच्याकडे घोड्या असतात त्या वरातीच्या. अड्याळचे नत्थूभाऊ हे त्या धंद्यातले जुने नाव. आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. माझे पत्रक त्यांनी खिशातून काढून माझ्यासमोर धरले.

"लिवलं त झकास हाय साहेब," नत्थूभाऊ म्हणाले. "पन वरात कधी पळत जाते का? माह्या घोडीले याचं पोरगं झालं, अन् बँड वाजल्याबरोबर नवरदेवाले घेऊन पवनीले निंगालं, त नवरीच्या बापाले मी काय सांगू?"

मी त्यांना रक्त, वंश, जात यांवर बरेच काही ऐकवले. दामोदरजींनी एवढेच विचारले की त्यांची घोडी कशाला घाबरते. नत्थूभाऊ खुलले. फटाक्यांची लड, दिव्यांच्या गाडीवरचे जनरेटर, पायात येऊन नाचणारे नवरदेवाचे मित्र, असे ते चहा थंड होईपर्यंत सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी दामोदरजी एकोडीला गेले. शर्यतीत वादळ कसा धावे, हे त्यांनी विचारले नाही. शर्यतीच्या आधी तो काय करत असे, हे विचारले. यशवंतरावांनी ते मैदान स्वतः पाहिले होते. आधी घोड्यांना लोकांसमोर गोल फिरवतात, असे ते म्हणाले. हजारो माणसे, भोंग्यांचा आवाज. आणि वादळ त्या गोंधळात लगाम धरून चालणाऱ्या मोतद्दाराची बाही चघळत असे. दामोदरजी परत आले ते हसतच. इतके दिवस आपण पळणे विकत होतो, आता उभे राहणे विकू, असे त्यांनी मला सांगितले. हे मला का सुचले नाही, या विचाराने माझे जेवण बेचव झाले.

त्याच महिन्यात त्यांची साठी होती. घरच्या घरी साठीशांत करायचे ठरले होते. दामोदरजींनी जाहीर केले की साठीची वरात निघेल, ती अड्याळच्या बाजारातून निघेल आणि ते वादळावर बसतील. घोड्यावर ते जन्मात बसले नव्हते. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "लग्नाले सायकलनं आलते. आता घोडा सुचून राहिला." वहिनींचा विरोध मात्र खरा होता. गुडघा दुखरा, वय साठ, घोडा शर्यतीचा. मीही समजावून पाहिले. दामोदरजी म्हणाले की दुसऱ्याच्या पोराला बसवून दाखवायचे आणि आपण बाजूला उभे राहायचे, हे त्यांना जमणार नाही.

बाजाराच्या दिवशी बँड लागला. जनरेटर मागे होते. यशवंतरावांनी लगाम धरला होता आणि दामोदरजी फेटा बांधून वर बसले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मला दिसत होता. नत्थूभाऊ पानठेल्याजवळ हाताची घडी घालून उभे होते. चौकात कोणीतरी मुद्दाम फटाक्यांची अख्खी लड वादळाच्या मागच्या पायांशी पेटवली. वहिनींनी डोळे मिटले. वादळाने कान उभारले, एक पाऊल बाजूला टाकले, मग मान लांब करून क्लॅरिनेटवाल्याच्या खांद्यावरचा गोंडा तोंडात धरला आणि शांतपणे चघळू लागला. क्लॅरिनेटवाला वाजवायचे सोडून ओरडला. सारा बाजार हसला. हसले नाहीत ते दोघेच: दामोदरजी, कारण ते अजून आयाळ धरून बसले होते, आणि मी.

त्या रात्री मी नवे पत्रक लिहिले. त्यात एक वाक्य होते की वादळाची संतती वरातीत अशीच शांत राहील. दामोदरजींनी ते खोडले. "बापाचं आपन पाह्यलं, बापाचं सांगू. पोराचं पोरगंच सांगन." उरलेलेही त्यांनी खोडले. छापले ते एवढे: 'वादळ. शर्यतीचा घोडा. गर्दीची सवय आहे. येऊन पाहावे.' माझे असंख्य लेख अड्याळमध्ये रद्दीत गेले. 'गर्दीची सवय आहे' हे लोक तिथे अजून म्हणतात, पुढाऱ्यांनासुद्धा.

अक्षय्य तृतीयेच्या आत नत्थूभाऊंनी स्वतः आपली घोडी एकोडीला नेली. तिच्यामागून आणखी आल्या. खच्ची करण्याचा विषय निघून गेला.

पण हकीकत तेथे संपत नाही. नत्थूभाऊंच्या घोडीचे पहिले शिंगरू मोठे झाले आणि बँडचा पहिला ठोका ऐकताच बांध ओलांडून तळ्यापर्यंत पळाले. सुदैवाने पाठीवर कोणी नव्हते. निवृत्तीनंतर दामोदरजी आंधळगावला राहायला गेले होते; बातमी कळताच मी तिकडे गेलो. सांत्वन करायला गेलो होतो, असे मी घरी सांगितले होते. पाहतो तर नत्थूभाऊ माझ्याआधी येऊन दामोदरजींशेजारी चहा पीत बसलेले. ते भांडायला नव्हे, घोडी पुन्हा एकोडीला नेतो हे सांगायला आले होते.

"पोराचं तुमी कुठं काय सांगतलं होतं?" ते दामोदरजींना म्हणत होते. "मंग मले राग कायचा?"

दुसऱ्या खेपेला झालेली घोडी आज साऱ्या पवनी तालुक्याच्या वरातींत उभी राहते. ते पळकुटे शिंगरू यशवंतरावांनी मागून नेले. एकोडीत पळायला जागा आहे. संततीविषयीच्या माझ्या त्या खोडलेल्या वाक्यावर विश्वास ठेवून नत्थूभाऊ आले असते, तर त्या दिवशी ते चहा प्यायला बसले नसते. हे मला कळते, आणि कळते म्हणूनच अधिक टोचते.

हा लेख लिहायला मला का सांगितले, असे मी ग्रंथाच्या संपादक मंडळाला विचारले. जिल्ह्यात त्यांचे चाहते पुष्कळ आहेत. मंडळींनी थोडे संकोचून सांगितले की नाव खुद्द दामोदरजींनीच सुचवले. "त्याले लिवू द्या," असे ते म्हणाले होते. "तो माह्यावर जळते. जळनाऱ्यानं चार शब्द बरे लिवले, त लोकाइले पटते."

म्हणजे इथेही त्यांनी खुर्ची पुसून मला बसवले आणि स्वतः कोपऱ्यात गेले. आणि तुम्ही सारे वाचक आत्ता त्या कोपऱ्याकडेच पाहत आहात.

दामोदरजींचा गुडघा बरा राहो, वहिनींची थट्टा त्यांना रोज ऐकायला मिळो, आणि निरोगी शंभरी त्यांना लाभो. त्या दिवशी ते वादळाच्या एखाद्या नातीवर बसून अड्याळच्या बाजारातून निघतील. बँडच्या मागे चालायला मी येईनच. जळायला माझ्याइतका सवयीचा माणूस त्यांना दुसरा मिळायचा नाही.