मामांच्या नावावरची बंदूक

लग्न होऊन मी बिडकीनजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला फार वर्षं झाली नव्हती. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी चुलीपाशी एक फुंकणी हातात दिली. ती मला पेलवेचना. पितळेची नाही, पोलादाची, आतून आरशासारखी गुळगुळीत.

"आत्याबाई, एवढी जड कशी हो?"

"बंदुकीची नळी हाय ती. फुंक गुमान."

मला आधी चेष्टा वाटली. मग कळलं, माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, निजामाच्या राज्यात रीतसर परवाना काढून शहरातून बंदूक घेतली होती. रानडुकरं ज्वारी लोळवायची ना, तेवढ्यासाठी. अ‍ॅक्शननंतर हत्यारं ठाण्यात जमा करायची दवंडी झाली. पण दिवस असे होते, की हातात हत्यार दिसलं की आधी आत टाकायचे अन् मग नाव विचारायचे. बंदूक घेऊन ठाण्यापर्यंत जायचीच छाती कुणाची होईना. मामा उठले आणि लोहाराकडं गेले. बंदूक मोडली की विषय मिटला, असं त्यांचं म्हणणं. लोहारानं पुढच्या नळीची फुंकणी करून दिली, मागचा भाग भट्टीत तापवून त्याची खुरपी केली. लाकडी दस्ता बंबात जळाला.

राज्यच गेलं तर त्याच्या कागदांना कोण विचारतंय, असं साऱ्या गावालाच वाटायचं. एकट्या मामांना नाही.

एका दुपारी जमादार सायकलवर आला. पाणी प्याला, टोपी मांडीवर ठेवली आणि मामांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, बंदुकीचा नंबर असं घडाघडा वाचलं. एवढंच नाही, "डाव्या भुवईवर व्रण" हेही वाचलं आणि मान वर करून मामांच्या भुवईकडं बघितलं. मी दाराआड होते. कधीकाळी कुणी तरी आपल्या माणसाचं तोंड निरखून कागदावर उतरवून ठेवलंय, आणि आम्हाला पत्ताच नाही!

मामा म्हणाले, "ते निजामाचं होतं की, जमादार. गेला तो."

"निजाम गेला, बाबा. कपाटं तिथंच हाइत." मग तो हळूच म्हणाला, "पैठणकडं दरोडा पडलाय. गोळीनं माणूस मेलाय. जिचा ठिकाणा लागत नाय, अशी हरेक बंदूक साहेब हुडकायलेत. सोमवारी बंदूक घेऊन या. नाय तर आम्ही येऊ."

सासूबाईंनी ठरवलं, की फुंकणी घेऊन सुनेनंही जावं. म्हणाल्या, "चुलीची वस्तू हाय. पुरुषानं सांगितलं तर हसतील. बाईनं सांगितलं तर पटंल."

शहरात आधी बंदुकीच्या दुकानात गेलो. मामांना भाबडी आशा, की दुकानदार ओळखीचा आहे, नावावर काट मारून देईल. म्हाताऱ्यानं मामांना ओळखलं, बसायला स्टूल दिलं.

"पाटील, बंदूक टूट गई होगी, किताब नहीं टूटती. आमची सगळी बुकं कलेक्टरच्या दफ्तरात गेली. एकेक नाव उर्दूतून मराठीत उतरवायला मुन्शी बसवलेत. आता माझ्या हातात काय हाय?"

मग ठाण्यात साहेबांच्या टेबलावर मी फुंकणीला गुंडाळलेलं फडकं सोडलं. साहेब खो खो हसले. "काय बाई, पिठलं करायचंय का इथं?"

मी म्हटलं, "साहेब, हीच ती बंदूक. रोज हिनंच चूल फुंकते मी."

त्यांनी ती उचलली, खिडकीकडं धरून आतून बघितली. हसू मावळलं.

"नळी तर बंदुकीचीच आहे. नंबर कुठंय?"

"मागच्या भागावर व्हता," मामा म्हणाले. "त्याची खुरपी झाली."

"लोहाराला बोलवा."

"तो वारला, साहेब."

"म्हणजे नंबर गेला, लोहार गेला आणि तुम्ही मला नळकांडं दाखवताय." ते अगदी शांतपणे बोलत होते. "दुसऱ्या बंदुकीची नळी आणून दाखवली असेल आणि तुमची बंदूक त्या दरोड्यात फिरत असेल, तर? मी काय समजायचं?"

फुंकणी जप्त झाली. मामांना अटक नाही केली, पण दर सोमवारी ठाण्यात येऊन हजेरी द्यायचं त्यांच्यामागं लावलं.

मग पोलीस कधीही यायचे. कडब्याच्या गंजीत सळया खुपसायचे, धान्याचं पेव उपसायला लावायचे. ओसरीवर पान खायला येणारी माणसं एकेक करून यायची थांबली. मामा जेवताना मधेच थांबून रस्त्याकडं कान द्यायचे. दरोडेखोर धरले गेले की नाही, आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. मामा हजेरी देत देतच गेले. तेराव्याला सासूबाई म्हणाल्या, "सुटले बिचारे."

पुढं बरेच दिवस काही नाही. मग आमच्या मालकांच्या नावानं कागद आला, मयताची बंदूक वारसानं जमा करावी. मीही संगं गेले. साहेब बदललेले, जमादार बदललेला. जप्त फुंकणीचं विचारलं तर कुणाला ठाऊक नाही. मालकांनी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. कारकुनानं ऐकून घेतली आणि "बंदूक हजर केली नाही" एवढंच लिहिलं.

मला राहवलं नाही. "भाऊ, किती वर्षं ठेवता हो ह्या नोंदी?"

तो काही वाईट माणूस नव्हता. अगदी सरळ म्हणाला, "बंदूक जमा होईस्तोवर, मावशी."

मग त्यानं टाक दौतीत बुडवला आणि मालकांना विचारलं, "तुमच्यामागं वारस कोण? मुलगा हाय का?"

मी मालकांचा सदरा मागून ओढला. पण त्यांनी आयुष्यात सरकारपुढं खोटं बोललेलं नव्हतं. त्यांनी पोराचं नाव सांगितलं, वय सांगितलं. कारकुनानं मान वर केली.

"अंगावर काही खूण?"