साहेबांच्या नावाची जागा

पाणीपुरवठा कार्यालयात तिला सगळे 'कात्री' म्हणत. लोकांसाठीच्या सूचना सोशल मीडियावर टाकणं हे तिचं काम. एका पोस्टला दोनशे ऐंशी अक्षरं, आणि ते मेलं यंत्र काना-मात्राही वेगळे मोजायचं. त्यातली साठ अक्षरं साहेबांचं नाव आणि हुद्दा मिळून खाऊन टाकत. नावाशिवाय एकही पोस्ट जाणार नाही, असा साहेबांचा हुकूमच होता.

गेल्या वर्षी दूषित पाण्याच्या सूचनेत त्या नावाला जागा करायला तिने 'मागची गल्ली' हे दोन शब्द छाटले होते. मागच्या गल्लीतले नऊ जण आजारी पडले. तिला कोणी बोल लावला नाही, पण ते दोन शब्द काही केल्या तिच्या मनातून जाईनात.

आज सकाळी टाकी धुण्याचं रसायन पाण्यात उतरलं. पाणी नळांना गेलंही होतं. "उकळून उपयोग नाही," असं प्रयोगशाळेतला माणूस धावत येऊन सांगून गेला. कात्रीची धाकटी बहीण त्याच भागात राहायची. चार महिन्यांचं बाळ वरच्या दुधावर, आणि पावडर कालवायची ती उकळलेल्या पाण्यात. कात्रीने दोनदा फोन लावला. पण बाळ झोपलं की बहीणबाई फोन मुका करून ठेवत.

तिने मजकूर लिहिला: भाग, गल्ल्या, टँकर कुठे, पाणी पिऊ नका. उकळण्याचं लिहायला गेली आणि अक्षरांचा आकडा लाल झाला.

साहेब पाठीमागेच उभे होते. "ते दुसऱ्या पोस्टमध्ये टाका की."

"दुसरी कोण वाचतं, साहेब? लोक पहिलीच पुढे पाठवतात."

"मग गल्ल्या कमी करा." एवढं बोलून ते आत गेले.

गल्ल्या! तिचं डोकंच फिरलं. नोकरी कंत्राटी होती. तरी तिने साहेबांचं नाव हुद्द्यासकट उडवलं, तिथे 'उकळूनही पिऊ नका, बाळांना देऊ नका' बसवलं आणि पोस्ट पाठवून दिली.

साहेब बाहेर आले ते लालबुंद होऊनच. "माझं नाव कुठे आहे?"

"मावलं नाही, साहेब."

"उद्यापासून येऊ नका."

तिचं सगळं लक्ष फोनकडे होतं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पोस्ट शेकड्यांनी पुढे जात होती, बहिणीचा मात्र पत्ता नव्हता.

मग फोन थरथरला. साधं जेवलीस का विचारायलाही ही बाई अर्धं पान लिहिते, म्हणून कात्री तिला कायम चिडवायची. आज तिने दोनच शब्द लिहिले होते.

'ओतून दिलं.'

कात्री टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.