माणिकरावांच्या विहिरीतला अमीन

सोनपेठकडच्या माणिकरावांच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासा तोंडाला लावला नव्हता. तरी निजामी अमलात हा माणूस एका मरळीपायी पोलीस अमीनाशी खोटं बोलायला तयार झाला.

विहिरीत बेडूक फार झाले म्हणून माणिकरावांनी गंगेतून, म्हणजे गोदावरीतून, बोटभर मरळ आणून सोडली होती. ती वाढून हातभर झाली. कपारीत लाकडासारखी निपचित पडायची, बेडूक टप्प्यात आला की गट्ट. बेडूक संपल्यावर तिनं पोहणाऱ्या पोरांचे अंगठेही चाखून पाहिले. बसल्या जागी गिळायचं आणि पावती द्यायची नाही, म्हणून गाव तिला ‘अमीनसाहेब’ म्हणायला लागलं.

आणि खरे अमीनसाहेब दौऱ्यावर आले. मरळीच्या सालनावर, म्हणजे रश्श्यावर, त्यांचा भारी जीव. माणिकरावांची विहीर दाखवायला गावात चढाओढच लागली. मासा जाईल ही माणिकरावांना एक धास्ती, आणि त्याचं नाव साहेबांच्या कानावर जाईल ही दुसरी. शिपायांनी जाळं टाकण्याआधीच माणिकरावांनी मरळ टोपलीत धरून घरी आणली, अंगणातल्या रांजणात सोडली आणि लपवायचं काम धुरपताबाईंवर सोपवून पुन्हा विहिरीवर गेले.

जाळ्यात जुनी बादली तेवढी निघाली. साहेब तडक माणिकरावांच्या घरी आले आणि नेमके रांजणाशेजारच्या बाजेवर बसले.

रांजणातून धप्प आवाज आला. साहेबांनी भुवई वर केली. उंदीर असतील, असं धुरपताबाईंनी शांतपणे सांगितलं. माणिकरावांनी मात्र झाकणावर ठेवलेला पाटा पाहिला आणि बायकोला आत बोलावलं.

“पानी किती घातलंस?”

“काठोकाठ. पान्यातला जीव, म्हन्लं कमी नगं पडाया.”

“आगं, तिला वर येऊन हवा घ्यावी लागती. बुडून मरंल ती.”

“मासा बुडून?” धुरपताबाईंनी नवऱ्याकडं उन्हात हिंडलेल्या माणसाकडं पाहावं तसं पाहिलं.

बाहेर धप्प. मग बराच वेळ काहीच नाही.

ते मात्र माणिकरावांना सोसवेना. तुरुंग तर तुरुंग म्हणत ते बाहेर आले आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत त्यांनी पाटा उचलला. झाकण उडालं, मरळ थेट साहेबांच्या बुटांपाशी पडली आणि ओल्या मोरीच्या दिशेनं पोटावर वळवळत निघाली.

साहेबांनी जन्मभर मरळ खाल्ली होती ती तुकड्यांत. तिचं सापासारखं तोंड त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. “सांप! सांप!” म्हणत ते बाजेवर चढले, तिथून ओट्यावर आणि ओट्यावरून घोड्यावर. जाताजाता त्याला ठेचायचा हुकूम दिला.

“जी, सरकार,” माणिकराव म्हणाले.

उन्हं उतरताना मरळ टोपलीतून विहिरीत परतली, वर येऊन तिनं हवेचा एक मोठा घोट घेतला आणि ती कपारीत दडली.

तेव्हापासून धुरपताबाई पिण्याच्या पाण्याचा रांजणसुद्धा चार बोटं रिकामा ठेवीत. कुणी विचारलंच तर म्हणत, “आसू द्या. दम घ्यायला जागा आसावी.”