काळ्या पट्ट्यातला पिवळा दगड

वाल्दिसच्या घराच्या मागच्या दारातून हिमनदी दिसते आणि माझ्या घराच्या पुढच्या दारातून वाल्दिसचं मागचं दार दिसतं. त्यामुळे तिची कुठलीच हालचाल माझ्या नजरेतून सुटलेली नाही. याला कुणी भोचकपणा म्हणत असेल तर खुशाल म्हणो. आमच्याकडे घरंच मोजकी, माणसानं बघायचं तरी कुणाकडे?

उन्हाळा सरत आला की वाल्दिस त्या दारातून बाहेर पडायची. बुटांना लोखंडी काटे बांधलेले, हातात काठी, खिशात राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा. बर्फावर चढून ती पिवळ्या पट्ट्यात शिरायची आणि खाली मान घालून चालत राहायची. संध्याकाळचा उजेड तेव्हा लवकर मावळत नाही. त्या उजेडात बर्फ निळसर व्हायचा आणि वाल्दिस ठिपक्याएवढी. वाटायचं, हे आपण खरंच पाहतोय की जेवून डोळा लागलाय.

आमच्या हिमनदीत दोन सुळके आहेत, बर्फातून वर डोकं काढून बसलेले. जवळचा काळा, लांबचा पिवळा. त्यांच्यावरून दगड सुटतात, बर्फावर पडतात आणि बर्फ त्यांना पाठीवर घेऊन खाली येतो. इतका सावकाश, की तरुणपणी पडलेला दगड म्हातारपणी हाताला लागावा. काळ्या सुळक्याचा काळा पट्टा, पिवळ्याचा पिवळा. दोन्ही शेजारीशेजारी खालपर्यंत येतात, पण एकमेकांत मिसळत म्हणून नाहीत. काळा दगड चिवट. पिवळा मोठा नाजूक. त्याच्या फटीत पाणी शिरतं, गोठतं, दगड तडकतो, आणि पायथ्याशी येईपर्यंत शिळ्या पावासारखा त्याचा चुरा होतो. तोच गाळ नदीत उतरतो आणि नदी दुधासारखी पांढरी वाहते.

या पिवळ्या दगडाचा आमच्याकडे एक रिवाज आहे. लांबच्या सुळक्याच्या कुशीत थोडं गवत उगवतं. शहाण्या मेंढ्या तिकडे फिरकत नाहीत, पण प्रत्येक कळपात एखादी आगाऊ असतेच. शरद ऋतूत मेंढ्या उतरवताना तिला आणायला जो लांबच्या सुळक्यापर्यंत जाईल, त्यानं तिथला एक दगड आणून मेंढवाड्याच्या भिंतीवर ठेवायचा. दगड नाही, तर त्याच्या बढाया कुणी ऐकून घेत नाही. भिंतीवरचे जुने दगड केव्हाच भुगा होऊन गेलेत. तरी लोक पिवळसर डागाकडे बोट दाखवून सांगतात, हा अमक्याच्या आजोबांचा.

स्टीगुरचा दगड त्या भिंतीवर नव्हता.

स्टीगुर म्हणजे वाल्दिसचा नवरा. उंच, गळ्यात सूर नसताना गाणारा, आणि हसला की कुत्री भुंकायला लागायची. त्यांच्या लग्नाचं दुसरं वर्ष होतं. मोरा नावाची तपकिरी मेंढी वाल्दिसनं माहेरून आणलेली, आणि ती अवदसा लांबच्या सुळक्यावर जाऊन बसली होती. निघताना वाल्दिस दारातून ओरडली, ते मी माझ्या अंगणातून ऐकलं.

"मोराला घेतल्याशिवाय आलास तर जेवायला मिळणार नाही, सांगून ठेवते!"

"मग उपाशी येतो आणि तुझ्या मोरालाच खातो!" तो म्हणाला आणि कुत्री भुंकली.

दुपारी धुकं उतरलं ते हटेचना. हटलं तेव्हा आमचा बेर्गूर माणसं घेऊन वर गेला. मेंढ्या उतरवायच्या मोसमात बेर्गूरचा शब्द म्हणजे कायदा. परत येऊन तो म्हणाला, "पावलं लांबच्या सुळक्यापर्यंत आहेत. तिथून पुढे उत्तरेकडे गेल्यासारखी वाटतात." वाटतात, एवढंच म्हणाला बिचारा. पण उत्तरेकडच्या खोऱ्यात एक मुलगी होती. हेरिंगच्या मोसमात स्टीगुर तिच्याबरोबर मासे खारवायला होता. लोकांना आणखी काय हवं? कॉफी थंड व्हायच्या आत गोष्ट पुरी झाली.

विधवा म्हणावं तर प्रेत नाही, टाकलेली म्हणावं तर तसा निरोप नाही. वाल्दिस मधेच लटकत राहिली. लोक तिच्याशी चांगलंच वागत, आणि तेच तिला सोसत नसे. एकदा माझ्याकडे लोकर पिंजताना ती म्हणाली, "रुना, मला एवढंच कळायला हवं. तो मेला की मला सोडून गेला. मेला असेल तर बर्फ त्याला आणून देईल. बर्फ कुणाचं काही ठेवून घेत नाही."

म्हणून पिवळा पट्टा. लांबच्या सुळक्यापाशी जे बर्फात गेलं ते त्याच पट्ट्यातून बाहेर यायचं, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. ती शोधत राहिली. केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, पट्ट्यात काही मिळालं नाही. आणि जसजसं मिळालं नाही, तसतसं उत्तरेकडचं खोरं लोकांच्या तोंडी पक्कं होत गेलं. मीसुद्धा मनातल्या मनात त्याला तिकडे पोरंबाळं देऊन टाकली होती.

मग आमच्याकडे आउस्ता राहायला यायला लागली. राजधानीतली मुलगी, दगडांचं शिकलेली. कुठला दगड कुठून आला, वाटेत किती झिजला, हे बघायला ती उन्हाळाभर बर्फावर असे. वाल्दिसचं आणि तिचं चांगलं जमलं. दोघी तासन्‌तास गप्प बसू शकत, आणि मला ते कधीच जमलेलं नाही.

त्या वर्षी आउस्ताला काळ्या पट्ट्यात माप घ्यायचं होतं. "वाल्दिस, फितीचं एक टोक धरशील?"

"काळ्यात माझं काय काम?"

"तुझं नाही गं, माझं आहे."

मीही गेले, डबा घेऊन. वारा पडलेला होता. बर्फाखाली पाणी कुठेतरी गुणगुणत होतं, आणि पातळ धुक्यात वरचे दोन्ही सुळके तरंगत असल्यासारखे दिसत होते. वाल्दिस फीत धरून मागे सरकत होती. एका जागी ती थांबली आणि फीत तिच्या हातातून सुटली.

बर्फातून एक शिंग वर आलं होतं. मेंढीचं, आणि त्यावर डाग दिलेली खूण. वाल्दिसच्या माहेरची ती खूण, आणि त्या खुणेची मेंढी आमच्याकडे एकच होती. शिंगाला घोड्याच्या केसांची दोरी बांधलेली, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला काळ्या खड्यांत गोठलेला लोकरीचा हातमोजा. दोन्ही बाजूंना अंगठा असलेला. आमच्याकडे तसेच विणतात, एक बाजू झिजली की उलटून घालता येतो. वाल्दिसनं त्याची वीण बोटांनी चाचपली.

"माझं विणकाम आहे," ती म्हणाली. "इथे टाका चुकलेला. तेव्हाच उसवायला हवा होता."

रिकाम्या अंगठ्यात काहीतरी टणक होतं. पुरुष तिथे तंबाखू ठेवतात, किल्ली ठेवतात. वाल्दिसनं अंगठा दाबला आणि तिच्या तळहातावर एक दगड पडला. पिवळा.

आउस्तानं तो हातात घेतला, उलटापालटा केला. तिचा आवाज एकदम हळू झाला.

"याच्या कडा बघ. धारदार आहेत. हा बर्फात घासलेला नाही, पाण्यानं झिजलेला नाही. हा लांबच्या सुळक्यावरून हातानं उचललेला आहे. आणि सापडला काळ्या पट्ट्यात."

"दगड इकडून तिकडे जात नाहीत," मी म्हणाले. वेड्यासारखी.

"दगड जात नाहीत, रुना," वाल्दिस म्हणाली. "माणूस जातो."

आणि ती खाली बसली, त्या काळ्या दगडांवर. लांबच्या सुळक्यावर तो पोचला होता. मोरा त्याला सापडली होती. भिंतीसाठी दगडही त्यानं घेतला होता. आणि मग जवळच्या काळ्या सुळक्याखाली, घराच्या वाटेवर, धुक्यात पायाखालची भेग त्याला दिसली नाही. त्याचं तोंड आमच्याकडे होतं. आणि उत्तरेकडचं खोरं त्याच्या पाठीला.

"किती वर्षं मी पिवळ्या पट्ट्यात शोधलं," वाल्दिस म्हणाली. "लोक म्हणायचे तो पुढे गेला. मी म्हणायचे, नाही, तिथेच मेला. पण तो परत फिरला असेल, हे माझ्यासुद्धा मनात आलं नाही गं. माझ्यासुद्धा!"

तिला मी आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहिलं. आउस्ता आणि मी दोन बाजूंनी तिला धरून बसलो. डब्यातलं स्कीर, आमचं घट्ट दही, कुणी खाल्लं नाही. खाली पांढरी नदी वाहत होती आणि मला सारखं वाटत होतं, आता कुत्री भुंकतील.

शोध झाला. गावातली माणसं दोऱ्या घेऊन आली, पण बर्फानं आणखी काही दिलं नाही.

मेंढ्या उतरवायच्या दिवशी सगळे मेंढवाड्यापाशी जमले. वाल्दिस आली ती लग्नातली शाल पांघरून. बेर्गूर आता काठी टेकत चालतो, डोळ्यांनी अधू झालाय. त्यानं तिच्या हातातला दगड डोळ्यांजवळ धरून पाहिला, बराच वेळ.

"लांबच्या सुळक्याचाच आहे," तो म्हणाला. "वाल्दिस, मी म्हणालो होतो की..."

"तू 'वाटतात' म्हणाला होतास, बेर्गूर. पुढचं बाकीच्यांनी म्हटलं."

ती भिंतीपाशी गेली. सगळ्यात वरच्या थरात तिनं जागा साफ केली आणि दगड ठेवला.

"उघड्यावर नको ठेवूस गं," बेर्गूर म्हणाला. "इतकी वर्षं मोज्यात गोठून राहिला म्हणून टिकला. इथे पाऊस, थंडी. थोड्या हिवाळ्यांत भुगा होईल. घरात ठेव, कपाटात."

वाल्दिसनं दगडावरून एकदा हात फिरवला आणि शाल सारखी केली.

"होऊ दे भुगा," ती म्हणाली. "पोचलाय ना घरी? आता काय झिजायचं ते इथेच झिजेल."