नाकाशी धरलेला डबा

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सावद्याच्या शाळेत तेलाचा रिकामा कॅन नाकाशी धरून उभी होते. बाई डब्यांचा वास का घेतात, म्हणून मुलं खिदळत होती. फोन आबांच्या सूनबाईंचा, पिंपळनेरहून. "सकाळी चहा घेतला, अंगणात बसले आणि..." मी कॅन टेबलावर ठेवला. हे वास घेणं ज्यांनी शिकवलं तेच गेले होते.

पहिल्या नोकरीला मी पिंपळनेरला गेले, तेव्हा आबांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. सामान उतरवलं त्या दिवशी आबा अंगणात खाटेवर बसून तापवलेल्या खिळ्याने पाच लिटरच्या कॅनला भोकं पाडत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला उद्योग नाही. पुढे आठ वर्षं त्या उद्योगात मीही बुडाले. कॅनला दोन बाजूंनी खिडक्या कापायच्या, पाखरांचे पाय कापू नयेत म्हणून कडेला सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवायची, मोडक्या लाटण्याची दांडी आरपार घालायची, पाणी साचू नये म्हणून तळाला बारीक भोकं. मग आत बाजरी नाहीतर तांदळाची कणी घालून कॅन कडुनिंबाला टांगायचा. पण या सगळ्याच्या आधी डबा नाकाशी. आबांची उभी हयात कृषी केंद्राच्या काउंटरमागे गेलेली. कपाशीवरचं कुठलं औषध कुठल्या डब्यात होतं, हे ते डोळे मिटून सांगत. मी त्यांची थट्टा करायची, "आबा, डब्याची पत्रिका जुळली का?" ते नुसते हसायचे. मला ते 'बाई'च म्हणत, वयाने मी त्यांच्या लेकीपेक्षा लहान असूनही.

एका उन्हाळ्यात मी शाळेत हाच उपक्रम घेतला. मुलांनी घरोघरचे डबे आणले, आबांनी येऊन तारा बांधून दिल्या. माझा स्वतःचा डबा सगळ्यांत देखणा हवा, ही हौस मला नडली. एका पालकाच्या शेतावरून मी पांढराशुभ्र, जाड कॅन मागून आणला. फवारणीच्या औषधाचा होता, हे मला माहीत होतं. त्यावरचं लेबल मीच नखाने खरवडून काढलं, साबणाने दोनदा धुतला आणि निर्धास्त झाले. विज्ञान शिकवणारी बाई मी! दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक सगळे डबे बघायला येणार होते, म्हणून त्या सकाळी लवकरच माझा डबा बाजरी भरून टांगला.

आबा लवकर आले आणि ओळीने एकेका डब्याचा वास घेत निघाले. माझ्या डब्यापाशी थांबले. तो उतरवला, बाजरी रुमालात बांधली आणि मुलांना साबणाने हात धुवायला पाठवलं. तेवढ्यात मुख्याध्यापक आले. बाईंचाच डबा का काढला, असं त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, "तार कच्ची व्हती. मीच बांधेल व्हती."

घरी परतताना मला रडू आवरेना. एखादी चिमणी आधीच येऊन दाणे टिपून गेली असेल का... मुलांनी तर तो डबा आदल्या दिवशी दिवसभर हाताळला होता. आबा रागावले असते तर बरं वाटलं असतं. चालता चालता ते म्हणाले, "चिमणीसले वाचता येत नही, पोरी. आपले येस." आपल्याला वाचता येतं, आणि लेबल तर मीच खरवडलं होतं. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा 'पोरी' म्हटलं. मग स्वतःहून सांगितलं की नव्या नोकरीत असताना त्यांनीही असले रिकामे डबे लोकांना पाण्यासाठी दिले होते. पुढे कुणाचं काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घरी आल्यावर त्यांनी त्या कॅनला सगळीकडून भोकं पाडली, कुणी पुन्हा वापरू नये म्हणून. ती गोष्ट त्यांनी पिंपळनेरात कधीच कुणाला सांगितली नाही. माझी नोकरी, माझी अब्रू आणि कदाचित त्या मुलांपैकी कुणाचा तरी जीव त्या माणसाच्या नाकाने राखला. हे उपकार मी त्यांच्यासमोर एकदाही मानले नाहीत, म्हणून आज इथे लिहिते आहे.

दहाव्याला गेले तेव्हा सूनबाईंनी खाटेखालून एक डबा काढून दिला. "ताई, हा तुमच्यासाठी करत होते." एकच खिडकी कापलेली, दुसरीच्या रेघा कोळशाने आखलेल्या. सवयीने मी तो नाकाशी धरला. खोबरेल तेल... आबांच्या डोक्याला रोज असायचं तेच.

आता तो माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. दुसरी खिडकी मी कापली, ट्यूब लावली, दांडी घातली. बाहेर टांगायचा तर आधी गरम पाण्याने धुवायला हवा, तेलाने पाखरांची पिसं चिकटतात, हे आबांनीच शिकवलेलं. रोज सकाळी पाणी तापवते, डबा खाली काढते, एकदा नाकाशी धरते आणि परत खिळ्याला लावते.