बसच्या दाराचं दुसरं कुलूप

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, चंदगडच्या लाल एसटी गाडीवर डायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी लिलावात निघालेली एक जुनी गाडी घेतली, इंजिन नसलेली, आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीबाहेर भावकीतल्या एकाच्या रानात उभी केली. सीटा काढल्या, ओटा घातला, गॅस मांडला. कामगारांना खिडकीतून ताट द्यायचं, त्यांनी बाहेर बाकावर जेवायचं. आम्ही दोघं राहायलाही तिथंच. दिव्यांसाठी बॅटरी ठेवली. स्टेअरिंग आणि त्यांची सीट मालकांनी हलवू दिली नाही. डायव्हरच्या बाजूचं दार पत्रा मारून बंद केलं, संकटकाळी बाहेर पडायचं मागचं दार ओट्याआड गेलं. यायला-जायला एकच दार राहिलं. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दोन हजार साल उलटल्यावर त्यांची आठवण जायला लागली. आधी माणसांची नावं गेली, मग जेवलो की नाही तेही. ड्युटी मात्र गेली नाही. सकाळी उठले की खाकी शर्ट शोधायचे आणि निघायचे. एकदा हायवेवर ट्रकांच्या मधून चालताना सापडले. कामगारांनी धरून आणलं तर त्यांनाच शिव्या देत होते, गाडीला लेट होतोय म्हणून. दाराची आतली कडी त्यांच्या हाताला पाठ होती. मी बाहेरून साधं कुलूप घालून बघितलं, पण मला किल्ली जागेवर ठेवायची सवय नाही. भाजीच्या पिशवीत गेली आणि कुलूप तोडावं लागलं.

बहिणीचा जावई एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. तो म्हणाला, मावशी, कडी राहू दे, जोडीला बटणांचं कुलूप बसवू. बसच्या बॅटरीवर चालेल. बाहेरून नंबर दाबला की खिट्टी मागं सरेल. आतून उघडायची सोय ठेवायची नाही, तू बाहेर गेलीस की दार ओढून घ्यायचं. ज्या जावयाला पाटावर बसवून जेवू घालायचं, त्याला मी ड्रिल घेऊन दारात उकिडवं बसवलं.

मालक बघत होते. त्यांनी विचारलं, "कशापायी ह्यो उद्योग?"

"चोरासाठी," मी म्हणाले.

"मग तिथं नगा बसवू, पावणं. तिथला पत्रा कुजलाय. हितं खांबाला बसवा. धा जण आलं तरी निघायचं न्हाय."

जावई माझ्याकडं बघायला लागला. मी चहा टाकायला वळले. मालकांनी स्वतः पट्टी धरली, एकेक स्क्रू पुसून त्याच्या हातात दिला. कितीतरी दिवसांनी ते खुशीत होते. त्या दिवशी मला घास गेला नाही, असं म्हणणार नाही. जेवले. पण त्यांना वाढताना तोंडाकडं बघितलं नाही.

शेवटी जावयानं विचारलं, बॅटरी उतरली तर दार उघडं व्हायला हवं की बंद राहायला? कसंही करता येतं. आत गॅस आहे, हेही त्यानं बोलून दाखवलं. मी म्हटलं, बंद. हे सांगायला मला जरासुद्धा वेळ लागला नाही, तेच अजून टोचतं.

पुढं एका दुपारी गॅसवर आमटी ठेवून मी रानातल्या नळावर भांडी घासत होते. जळका वास आला. धावत येऊन नंबर दाबला तर बटणांत उजेड नाही. डायव्हर गाडी उभी केली की उतरायच्या आधी बॅटरीचा मेन स्विच बंद करतो. मालकांनी सीटवर बसल्या बसल्या मनातली ड्युटी संपवली होती आणि तो स्विच बंद केला होता. कुलूपही त्याच बॅटरीवर. कारखान्यातल्या जावयाच्या हे ध्यानात आलं नाही. माझ्या यायला हवं होतं, मी जन्मभर डायव्हरची बायको होते.

खिडक्यांना गज, ताट सरकेल एवढीच फट. आत धूर. मी ओरडले, "अवो, स्विच लावा. गॅस बंद करा."

त्यांनी मान वळवली. "बाई, गाडी डेपोत लागली. मागनं दुसरी येतीया, तिनं जावा."

"मी हाय. मला वळकलं न्हाय?"

"समदीच म्हणत्यात, मी हाय."

जेवणाची वेळ होऊन गेली होती, कामगार कुणी नव्हते. मी दाराजवळच्या पत्र्यावर पंजानं दोन थापा मारल्या. खाली उतरलेला कंडक्टर गाडी सोडताना मारतो तशा. माहेरी जाताना त्यांच्याच गाडीत बसून मी त्या ऐकल्या होत्या. त्यांचा हात लगेच स्विचकडं गेला. बटणं पेटली.

मी आत शिरून गॅस बंद केला. पातेल्याचं बूड गेलं होतं. ते खोकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर. मला कंडक्टर समजून म्हणाले, "मास्तर, दार वडून घ्या की."

धूर जायला हवा होता, म्हणून मी दार उघडंच ठेवलं. ते माझ्यावर चिडले.

जावयाला बोलावून कुलूप उलटं करून घेतलं. आता वीज गेली की खिट्टी आपोआप मागं सरणार. म्हणजे मालकांनी मेन स्विच बंद केला की दार मोकळं. हे त्यानं मला परत परत समजावून सांगितलं. मी म्हटलं, कळलं मला. कोंडून जळण्यापेक्षा पळून गेलेलं बरं.

दिवाळीच्या आधी मी गिरणीत दळण आणायला गेले असताना ते मेन स्विच बंद करून तसेच उतरून गेले. ओढ्याच्या पुलाशेजारी खड्ड्यात पडले, खुब्याचं हाड मोडलं. राजारामपुरीतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, पण चालणं संपलं. दार उघडं आहे की बंद, ह्याला मग काही अर्थ राहिला नाही.

माझी जाऊ बघायला आली. म्हणाली, "कुलूप व्हतं तसं ठिवलं असतंस तर माणूस पायावर राहिला असता की."

खरं होतं. धुराचं सांगितलं असतं तर ती गप्प बसली असती. मी सांगितलं नाही. त्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. तिला म्हटलं, त्या बाजूनं चादर धर.