कोरियन पोराचं दहावं

आमच्या घरी गेल्या साली एक कोरियन माणूस वारला आणि त्याचं सुतक आम्ही दहा दिवस पाळलं. आमच्या कुळात कोरियाशी सोयरीक झाल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. (मी चौकशी केली. पणजोबांची एक बायको ‘लांबची’ होती म्हणतात, पण ती कारंज्याची निघाली.)

मानोऱ्याच्या थोडं बाहेर आमचा दीड एकराचा मळा आहे. वांगी, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर) असला भाजीपाला. मी शाळेत क्लार्क, त्यामुळे मळा खऱ्या अर्थानं आई आणि माझी बायको सुनंदा याच सांभाळतात. दुपारी जेवणं झाली की दोघी आणि माझी मुलगी पल्लवी ओसरीत बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी जुड्या बांधतात. पल्लवी कॉलेजात आहे. जुड्या बांधताना तिला कंटाळा येतो, म्हणून तिनं टीव्हीवर एक कोरियन मालिका लावून दिली, हिंदी आवाजातली. एका शहरात साध्यासुध्या माणसांच्या हातात बंदुका येतात आणि जो तो आपला जुना राग काढत सुटतो, अशी कथा. पहिल्याच भागात अकरा माणसं मेली. मला वाटलं, आई उठून जाईल. आई म्हणाली, पुढचा लाव.

आमच्या घरच्या प्रेक्षकांची मतं मी आजवर कुठं छापून आलेली पाहिली नाहीत, म्हणून इथं देतो. सुनंदाचं म्हणणं असं, की एवढं झाडून-पुसून ठेवलेलं शहर, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, आणि तिथं माणसं रक्त सांडून राहिली, मग झाडतं कोण? आईची हरकत वेगळी होती. आमच्याकडं भांडण झालं तर काठी, फार झालं तर विळा. ती म्हणाली, “काठीनं मारलं त मारनाऱ्याचा बी हात दुखते. बंदुकीनं कोनाचाच हात नाई दुखत. म्हून थांबत नाईत ते.” यावर पल्लवीनं टाळी वाजवली. या सगळ्याचा परिणाम जुड्यांवर व्हायचा. गोळीबार सुरू झाला की तिघींचे हात सैल सुटायचे आणि सांबाराच्या जुड्या मनगटाएवढ्या जाड व्हायच्या. बाजारातल्या गिऱ्हाइकांना ही मालिका फार आवडली असावी.

त्या मालिकेत एक पोरगा होता. पोरगा म्हणजे तिशीतला. स्कूटरवरून घरोघरी जेवणाचे डबे पोचवायचा. त्याच्या नावाचा उच्चार आमच्यापैकी कोणालाच जमेना, म्हणून आई त्याला नुसतं ‘पोरगं’ म्हणायची. तो दारात आला की आधी हेल्मेट काढायचा आणि मग उलट्या हातानं केस मागं सारायचा. तेवढं दिसलं की आईच्या हातातली जुडी तशीच राहायची. आता सांगायलाच पाहिजे. माझा धाकटा भाऊ विलास पुण्यात पार्सलं पोचवायचं काम करायचा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो तिकडंच गेला. तोवर आम्हीही सगळे इथं तापानं पडलेलो, गावाच्या वाटा बंद. त्याचं तोंड कोणी पाहिलं नाही. दहावं-तेरावं पुढं करू म्हणालो, ते राहूनच गेलं. आई रडली नाही. तिनं त्याचं नाव घेणं बंद केलं. जायच्या आधी त्यानं मला फोन केला होता. त्यात काय बोलणं झालं ते आईनं कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

तर सातव्या भागाच्या शेवटी भर बाजारात एका चिडलेल्या दुकानदारानं बंदूक काढली. मध्ये हे पोरगं आलं. हेल्मेट रस्त्यावर गडगडत गेलं आणि भाग संपला. मी त्या वेळी शाळेतून नुकताच आलो होतो, पायातल्या चपलासुद्धा निघाल्या नव्हत्या. आई उठली, टीव्ही बंद केला, स्वयंपाकघरात गेली आणि चुलीवरची कढई खाली उतरवून पालथी घातली. मग ओसरीत येऊन बसली आणि रडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा रडली, ती अशी की शेजारच्या सुमनकाकू पीठभरल्या हातानं धावत आल्या. आमच्या घरात रडं ऐकलं म्हणजे काय समजायचं ते त्यांनी समजून घेतलं आणि अर्ध्या तासात पिठलं-भाकर घेऊन आल्या. गमीच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं घास द्यायचा असतो. मी त्यांना दारातच अडवून सांगितलं की काकू, कोणी गेलं नाही, टीव्हीतला माणूस आहे. काकूंनी माझ्याकडं फार दुःखानं पाहिलं. त्यांना वाटलं, धक्का मलाच बसलाय.

मला वाटलं, एका रात्रीचा खेळ. दुसऱ्या दिवशी आईनं देवापुढचा दिवा लावू दिला नाही. टीव्हीवर फडकं टाकलं. सुतकात असलं काही पाहत नाहीत, त्यामुळे पुढचे भागही बंद. सुनंदाला तिनं फोडणी देऊ नको म्हणून बजावलं. तिसऱ्या दिवशी जऊळक्याला माझ्या मेहुण्याच्या पुतणीचं लग्न होतं. आईनं परस्पर फोन करून कळवलं की आमी येत नाही, घरात सुतक हाये. तिकडून साहजिकच विचारलं असणार, कोन गेलं? आईनं फोन ठेवून दिला होता.

मग जे व्हायचं ते झालं. लग्न आटोपलं आणि पाचव्या दिवशी जऊळक्याची मंडळी भेटीला आली. सहा माणसं एका ऑटोत. रिवाजाप्रमाणं कोणी रामराम केला नाही, कोणी काही विचारलं नाही, खाली मान घालून सतरंजीवर बसली. कोरा चहा आला. आणि मग मी पाहिलं, की ती सगळी मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी आमची मोजदाद करत होती. आई होती. मी होतो. सुनंदा चहा घेऊन आली, एक कमी झाली. पल्लवी कॉलेजातून येईपर्यंत मेहुण्याचा चुलता घामाघूम झाला होता. ती आल्यावर त्यानं सुस्कारा सोडला आणि लगेच जास्तच घाबरला, कारण आता हिशेबात माणूसच कमी पडेना. शेवटी उठताना त्यानं माझा हात हातात घेतला, “जे झालं ते झालं, बावा. आपल्या हातात काय हाये,” म्हणाला आणि ऑटोत जाऊन बसला. मीही मान डोलावली. दुसरं काय करणार?

इथवर हसण्यावारी होतं. पण आईचं जेवण तुटलं होतं. सकाळी अर्धी भाकर, संध्याकाळी पाणी. पंच्याहत्तरीची बाई, त्यात साखरेचं दुखणं. सातव्या दिवशी वांग्याच्या वाफ्यात ती मटकन बसली, सुनंदानं धरून घरी आणली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हातची जाईल, दवाखान्यात भरती करावी लागेल. मी तिच्या पायाशी बसलो. समजावलं. चिडलो. ते नाटक आहे, तो पगारी माणूस आहे, तो आज कोरियात बसून भात खात असेल, सगळं बोलून झालं. आईनं ऐकून घेतलं.

“त्याचं दहावं कर,” ती म्हणाली. “रीतीनं. मंग जेवीन.”

“आई, तो आपला कोन लागते?”

“त्याची बी माय आसंल ना कोठी तरी.”

मी सुनंदाकडं पाहिलं. ती म्हणाली, केस काय, परत येतील. पल्लवी फोनमध्ये बघत बसली. म्हणून मी दहाव्या दिवशी सकाळी शाळेत रजेचा अर्ज दिला (कारण: कौटुंबिक), आणि एका परदेशी डबेवाल्यासाठी डोक्याचा गोटा करून घेतला. न्हावी आमच्या ओळखीचा. त्यानं वस्तरा लावण्याआधी हळूच विचारलं, कोन? मी म्हणालो, लांबचा होता. किती लांबचा? मी म्हणालो, लय लांबचा.

अरुणावती नदीच्या काठावर क्रिया करणाऱ्या महाराजांनी पिंड मांडला. नाव विचारलं तेव्हा मी खोकलो. गोत्र विचारलं. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात एवढं मला ठाऊक होतं, तर कोरियाला काश्यप गोत्र लावून मी मोकळा झालो. सोबत आई आणि पल्लवी होत्या. आईनं घरून डबा आणला होता, दहा दिवसांत पहिल्यांदा फोडणी घालून स्वतः रांधलेला. मी म्हणालो, त्या लोकांना शेवया-बिवया आवडतात. आईनं डबा उघडला. पातोड्यांची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, भाजी होती. झणझणीत, वर तेलाचा तवंग. मला वाटलं, एवढ्या तिखटानं तो बिचारा दुसऱ्यांदा जाईल.

कावळे होते. समोरच्या बाभळीवर पाच-सहा बसले होते. एकही खाली येईना. गेलेल्या जीवाची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, मग घरच्यानं हात जोडून शब्द द्यायचा असतो. मी हात जोडले आणि म्हणालो, बाबा रे, तुझा खुनी पकडला जाईल. कावळे ढिम्म. उरलेले सगळे भाग आम्ही पाहू, मधेच सोडणार नाही. ढिम्म. तुझ्या स्कूटरचं, तुझ्या आईचं तिकडचं सरकार पाहील. त्यातला एक तर उडूनच गेला. ऊन चढलं. माझ्या ताज्या गोट्याला चटके बसायला लागले. महाराजांनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करून शिवून टाकू म्हणाले, शास्त्रात सोय आहे. आई नाही म्हणाली. सकाळपासून तिनं दोन घोट पाणीच घेतलं होतं.

“मधु,” ती म्हणाली, “तुले काई सांगायचं आसंल त सांग. तो आयकते.”

मी तिच्याकडं पाहिलं. ती नदीकडं पाहत होती. त्या पातोड्या कोणाच्या आवडीच्या होत्या ते मला तेव्हा आठवलं. ताटात पातोड्या असल्या की तो माझ्याही उचलायचा. मी परत हात जोडले आणि मग मला थांबताच आलं नाही. म्हणालो, इलास, तू फोन केला होता. दादा, गाडी पाठव, मले घरी यायचं हाये म्हणाला होता. मी म्हणालो चार दिवस थांब, पास भेटत नाई. पास मी मागितलाच नव्हता. मले भेव वाटलं होतं रे, तू आला त घरात सगळ्यायले लागन म्हणून. गाडी पाठवाले पाह्यजे होती. चुकलं माझं.

आईनं माझ्या भुंड्या डोक्यावर हात ठेवला. तिला फोनचं माहीत होतं. विलासनं तिलाही केला होता, माझ्यानंतर. दादावर रागावू नको, एवढं सांगायला. ते तिनं मला तिथं, त्या उन्हात सांगितलं.

मी डोळे पुसून पाहिलं तर पिंडावरची पातोडी गेलेली. महाराज म्हणाले कावळा शिवला. पल्लवी म्हणते कुत्रं होतं. आईनं घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या.

त्याच दुपारी तिनं टीव्हीवरचं फडकं काढलं. सांबाराचा ढीग पुढं ओढला आणि आठवा भाग लावायला सांगितला. आणि काय सांगू, दुसऱ्याच मिनिटाला दवाखान्यातल्या खाटेवर ते पोरगं डोळे उघडून बसलं! खांद्याला पट्टी, बाकी ठणठणीत. डोक्यावर केस तर एवढे, की उलट्या हातानं मागं सारत होतं. मी उठून उभा राहिलो. पल्लवीला विचारलं, तुला माहीत होतं? तिनं शेवटपर्यंतचे भाग आपल्या फोनवर आधीच पाहिले होते.

“मग सांगितलं काहून नाई?”

“आजी रडून राह्यली होती ना, बाबा. इतक्या दिवसांनी.”

मी सुनंदाकडं पाहिलं. ती जुडी बांधत राहिली. मग मी आईकडं पाहिलं. तिसऱ्या दिवशीच तिनं पल्लवीला विचारून घेतलं होतं, पोरगं वाचतं का ते.

“तो वाचला ते बरंच झालं,” आई म्हणाली. “त्याच्या मायच्या वाट्याले तरी नाई आलं.”

पुढच्या बाजाराला मीच जुड्या घेऊन गेलो. टोपी घातली होती, पण उकाडा असा की काढावी लागली. शेजारच्या गाळ्यावरचा कांदेवाला माझा गोटा पाहून जवळ आला, आवाज खाली घेतला आणि कोण गेलं म्हणून विचारलं. इलास गेला, मी सांगितलं.

“भाऊ, इलासले जाऊन त लय वर्षं झाले ना?”

“हो,” मी म्हणालो. “पन आमच्या घरात मी जरा मंद हावो. मले परवा समजलं.”